सरांचा घसा आणि माझी सातवी ब

शुक्रवार, ९ जानेवारी

गाठ आहे. उजव्या स्वरपट्टीवर. घशाच्या डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवली — दोन पांढऱ्या पट्ट्या, एकीवर तांदळाएवढा दाणा. पुढच्या गुरुवारी काढायची. नंतर तीन आठवडे संपूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, म्हणे कुजबुजीनं जास्त ताण पडतो.

"आणि आवाज?" सरांनी विचारलं. घोगऱ्या आवाजात.

"बहुतेक येईल. किती, कसा, ते आत्ताच नाही सांगता येणार."

बहुतेक! आमच्याकडे रॉकेटच्या कामात कुणी 'बहुतेक' म्हणालं तर त्याला चाचणीला हातसुद्धा लावू देत नाहीत.

नवऱ्याला मीही सरच म्हणते. सगळं जग म्हणतं, म्हणून आधी थट्टेनं म्हणायला लागले, आता सवयीनं. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवतात. आवाज गेला तर या माणसाजवळ काय उरेल? — हा विचार येताना गाडीत मनात आला आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

रविवार, ११ जानेवारी

यांना घशाची काळजीच नाही. काळजी आहे सातवी ब ची! मुख्याध्यापिका म्हणाल्या, तुमचा तास तोवर खेळाचे सर घेतील. झालं — घास उतरेना. "चांगला माणूस आहे गं, पण तो प्रकाशाचा धडासुद्धा मैदानाला चार फेऱ्या मारायला लावून शिकवेल." मग माझ्याकडे बघत बसले. ती नजर मी ओळखते.

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"मंगळवार आणि शुक्रवार. सकाळचा एकच तास. तुझी साठलेली रजा कुजतेय."

"मला शिकवता येत नाही."

"अगं, तुला रॉकेट करता येतं!"

जसं काही रॉकेट जमलं की सातवी आपोआप जमते. आणि अख्खं रॉकेट कुठे? तेहेतीस वर्षं मी एकच वस्तू केली — रॉकेटचे दोन टप्पे जोडणारा सांधा. जोडणं सोपं असतं. ठरल्या क्षणी तो सुटला पाहिजे, ना आधी, ना नंतर. आता मे महिन्यात मीच सुटणार. निवृत्तीनंतर काय करणार असं कुणी विचारलं की मी विषय बदलते.

उद्या साहेबांशी रजेचं बोलते. बघू.

गुरुवार, १५ जानेवारी

झाली शस्त्रक्रिया. पन्नास मिनिटं. बाहेर बसून समोरच्या भिंतीवरच्या फरश्या मोजल्या — दोनशे सोळा, त्यातल्या तीन तडकलेल्या. लेकीचा फोन आला, "बाबा कसे आहेत?" मी म्हटलं, "नॉर्मल." ती भडकलीच. "आई, तुझं ते नॉर्मल मला नको! नीट सांग!"

तिचं चुकलं नाही. आमच्या नियंत्रण कक्षात कुणी छान, मस्त म्हणत नाही. सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय हे सांगायला एकच शब्द. तो ऐकला की आमचा जीव भांड्यात पडतो. पण तो शब्द मी घरीही घेऊन आले. रोज दारात सर विचारायचे, "कसा गेला दिवस?" — "नॉर्मल." मग तेच बोलायचे, पार जेवण संपेपर्यंत. पोरं, फळा, कुणी बाटलीत बेडूक आणला, कुणी चुंबक गिळला. मी हूं हूं करायची. दोघांची सोय होती.

आता घरात बोलणार कोण?

सोमवार, १९ जानेवारी

अहवाल आला. गाठ साधी. साधी!! आता फक्त आवाजाचं.

मंगळवार, २० जानेवारी

पहिला तास. बेचाळीस पोरं. बल आणि गती. तीनदा फळा भरला, तीनदा पुसला. शेवटी विचारलं, "समजलं?" — "होऽऽऽ बाईऽऽऽ!" असा दणदणीत होकार आला की खिडक्या हलल्या. तरंगतच घरी आले.

सरांसाठी पाटी-पेन्सिल आणली आहे. कागद नको म्हणाले — म्हणजे लिहिलं. पाटीवर प्रश्न तयारच होता : कोणी काय विचारलं?

"काहीच नाही! सगळं समजलं त्यांना."

सर हसायला लागले. बिनआवाजाचं हसणं — नुसते खांदे हलतात, डोळ्यांतून पाणी. मग करकर पेन्सिल : काहीच विचारलं नाही म्हणजे काहीच समजलं नाही. पुसलं. समजलं का, असं विचारू नये. हो असंच उत्तर येतं. पुसलं. हळू बोलतेस का जरा?

मला राग आला. तेहेतीस वर्षांचा अनुभव आहे म्हटलं मला! सरांनी पाटीवर काढला एक घडा. पालथा.

शुक्रवार, २३ जानेवारी

वह्या तपासल्या. सर खरे. दगडावर डोकं आपटलं असतं तर दगडाला तरी काही कळलं असतं. एका वहीत माझं चित्र होतं — खाली धूर, वर अंबाडा. नाव : रॉकेटबाई. सूत्र : बाई = बल × भरभर.

चित्र सुबक आहे, हे मान्य करायला हवं. सरांना दाखवलं. पुन्हा खांदे हलले.

मंगळवार, २७ जानेवारी

आज वेगळं केलं. फळ्याला पाठ करून उभी राहिले आणि आमच्याकडची गोष्ट सांगितली. उड्डाणाआधी घड्याळ उलटं मोजत असतं. शेकडो माणसं आपापल्या टेबलाशी. त्यातल्या कुणालाही — अगदी कालच रुजू झालेल्यालासुद्धा — काही खटकलं तर एकच शब्द म्हणायचा. थांबा. घड्याळ थांबतं. आधी थांबतं, मग विचारतात का ते. आणि कारण फुसकं निघालं तरी कुणी रागवायचं नाही, हा नियम.

"या वर्गातही आजपासून तोच नियम," मी म्हटलं.

सगळे एकमेकांकडे बघतात. अळीमिळी गुपचिळी. मी पुढे शिकवायला लागले. पाच मिनिटं गेली. मग दुसऱ्या बाकावरून, बारीक आवाजात, "थांबा."

दोन वेण्या, एक सुटलेली. वर्गात तिला शंकासुर म्हणतात, हे नंतर कळलं. मी थांबले. म्हटलं, "बोल." ती म्हणाली, "काही नाही बाई. खरंच थांबता का, ते बघत होते."

सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण मग जे सुरू झालं! त्या एका तासात चौदा वेळा थांबा. अर्धं पानसुद्धा झालं नाही. घरी येऊन सगळं सांगितलं — कोण काय म्हणालं, मी काय म्हटलं, नक्कल करून. सरांनी पाटी मांडीवर ठेवली होती. पाऊण तास तिच्यावर एक अक्षर लिहिलं नाही.

शुक्रवार, ३० जानेवारी

ध्वनीचा धडा. हा तर माझा घरचा विषय — कंपनं! आम्ही रॉकेटचा सांधा एका भल्या मोठ्या टेबलावर बसवतो आणि गदागदा हलवतो, उड्डाणात हलेल तसा. तेच हलणं, लहान केलं की आवाज. म्हटलं, घशावर बोटं ठेवा आणि म्हणा आऽऽ. बेचाळीस घसे! शेजारच्या वर्गाच्या बाई दारात येऊन बघून गेल्या.

"सरांचा हलत नाही का?" कुणीतरी मागून विचारलं.

मी ठरवलं होतं की वर्गात तो विषय नको. पण नियम मीच केला होता. मग रबर ताणलं, छेडलं — टण्ण. त्याला मातीची एक गोळी चिकटवली, छेडलं — थब्ब. "सरांच्या पट्टीवर अशी गोळी होती. जड झालं की नीट हलता येत नाही. डॉक्टरांनी ती काढली." गोळी काढली. टण्ण. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"थांबा," शंकासुर. "गोळी काढताना रबरालाच थोडं कापलं गेलं तर?"

बेचाळीस तोंडं माझ्याकडे. माझ्याकडे उत्तर होतं. कापलेलं रबर कसं वाजतं ते मला माहीत आहे, सूत्रासकट. पण मी रबर टेबलावर ठेवलं. शेवटी मीच म्हटलं, "थांबा."

आणि ते थांबले. बेचाळीसच्या बेचाळीस, हाताची घडी घालून, मी डोळे पुसेपर्यंत. कुणी हसलं नाही. मग ती पोरगी म्हणाली, "बाई, नसेल माहीत तर राहू दे. पुढच्या तासाला सांगा."

हे सरांना सांगितलं नाही.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

परवा तपासणी. तीन आठवडे पूर्ण. सर सकाळपासून तीनदा दाढी करायला उठले. एकदाच केली.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

मी गेले नाही.

सांध्याची शेवटची हादरा-चाचणी उद्या होती, ती आजच घेतली. साहेब म्हणाले, तास-दोन तासांत मोकळ्या व्हाल. टेबल हलायला लागलं आणि मला एक टिकटिक ऐकू आली. बारीक. इतर कुणाला नाही. थांबा म्हटलं. थांबलं सगळं. सरांना फोनवर एक ओळ धाडली, टिकटिक आहे, अडकले. मग चार तास शोधाशोध — ताण मोजणाऱ्या एका पट्टीची वायर सैल होऊन झाकणावर आपटत होती. बस, एवढंच! साहेब म्हणाले, "बरं झालं थांबवलंत." पण माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. साडेचार. डॉक्टरची वेळ होती तीनची.

घरी आले तर सर गॅलरीत झाडांना पाणी घालत होते. पाटी टेबलावर, लिहून ठेवलेली : आणखी चार आठवडे मौन. ५ मार्चला पुन्हा बोलावलं आहे. काळजी नको.

मी तिथेच खुर्चीत बसले आणि हमसून रडले. एकट्याला पाठवलं मी त्यांना. तो 'आणखी चार आठवडे' एकट्यानं ऐकला त्यांनी. सर आले, ओल्या हातानं माझं डोकं थोपटलं. पुन्हा पाटी : खरंच काळजी नको. येईल.

मग लिहिलं : टिकटिक कसली होती?

आणि मी सांगितलं. सगळं. पहिल्यापासून.

मंगळवार, १० फेब्रुवारी

माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झालाय! आज घरी आल्यावर दारातच सुरुवात. त्यांनी पाटी पुढे धरायच्या आतच. वर्गातलं, कामावरचं, साहेबांच्या नव्या चष्म्याचं. सर ऐकतात. हनुवटी तळहातावर, डोळे माझ्यावर. वर्गात पोरांचं असं ऐकत असणार. म्हणूनच ती यांच्या मागेमागे फिरतात.

रविवार, १५ फेब्रुवारी

आज दुपारी ते सगळं बोलून टाकलं मी. बावीस वर्षं पोटात ठेवलेलं.

चहा झाला होता. सरांनी सहज लिहिलं : थांबाचा नियम कुणी काढला?

मी म्हटलं, नियम जुनाच होता. वापरायचं कुणी धाडस करत नव्हतं. आणि मग थांबताच येईना मला.

माझं पहिलं उड्डाण. माझा सांधा. आधीच्या चाचणीत मला अशीच टिकटिक ऐकू आली होती. सगळे दमलेले, तेव्हाचे साहेब मनगटावरचं घड्याळ बघत होते, आणि मी खोलीत हुद्द्यानं सगळ्यांत लहान, एकटीच बाई. वाटलं, भास असेल. गप्प बसले. उड्डाणाच्या दिवशी सांध्याच्या तीन बाजू सुटल्या, चौथी सुटली नाही. कोलांट्या खात समुद्रात गेलं सगळं. चौकशीत कारण नक्की ठरलंच नाही. ठरलं असतं तर बरं झालं असतं — माझं नाही असं तरी निघालं असतं! टिकटिकीचं मी कुणालाच सांगितलं नाही. त्या दिवशी घरी आले, तुम्ही विचारलंत दिवस कसा गेला, मी म्हटलं नॉर्मल.

सरांनी पाटी जवळ ओढली. मग : मला माहीत होतं. रेडिओवर ऐकलं होतं.

"मग विचारलं का नाहीत?"

पाटी : तू दार लावून घेतलं होतंस. मी बाहेर बसून बडबडत होतो, तुला एकटं वाटू नये म्हणून.

बावीस वर्षांचे बेडूक आणि चुंबक! मला वाटायचं, या माणसाला बोलायची खोडच आहे.

मी त्यांचा हात धरून बसले. पाटी खाली पडली, एक कोपरा उडाला. त्यांनी नंतर लिहिलं : आता तू सोमवारचं सांग. मी म्हटलं, सोमवार उद्या आहे. खांदे हलले.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

सर अंघोळीला गेले असताना आतून गुणगुणल्यासारखं वाटलं. धावत दाराशी गेले — बंद. पाइपात हवा अडकली असणार. तेहेतीस वर्षं कंपनं ऐकतेय, मला कळतं पाइपाचं.

तरी दोन मिनिटं दाराशी उभी राहिले.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

मुख्याध्यापिकांनी बोलावलं. वाटलं, तक्रार असणार — पोरं आता इतिहासाच्या तासालाही थांबा म्हणतात! कुठल्याशा लढाईच्या मधोमध शंकासुरानं इतिहासाच्या सरांना थांबवलं आणि विचारलं, "हे कुणी बघितलं?" ते आधी लाल झाले, मग त्यांनाही पुस्तक उघडावं लागलं. तक्रार नव्हती. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी आठवीलाही याल का? सर आले तरी या. दोघं या."

मी लगेच हो म्हटलं. विचार करते असं म्हटलं नाही, विषयही नाही बदलला.

घरी सांगितलं तर सरांनी पाटीवर नुसतं उद्गारचिन्ह काढलं. अख्ख्या पाटीभर.

शनिवार, २८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. तासभर. शेवटी म्हणाली, "आई, तू बरी आहेस ना? तू आजवर मला एवढं कधी सांगितलं नाहीस." मग हळूच, "बाबांचा आवाज आला नाही तर गं?"

तिला म्हटलं, येईल. फोन ठेवला आणि तिथेच बसून राहिले. आला नाही तर? त्या वर्गासमोर यांना पाटी घेऊन उभं राहिलेलं मला बघवणार नाही. सातवी ब त्यांची आहे. मी नुसती जागा धरून ठेवली आहे — रुमाल टाकावा तशी. आणि हा माणूस इतका खुशीत! सकाळी शीळ घालायला तोंडाचा चंबू केला आणि मला बघून जांभई दिली. माझा जीव टांगणीला लागलाय, यांना जांभया.

मला तो आवाज हवाय. बेडूक, चुंबक, काहीही चालेल. आता मी हूं हूं करणार नाही, नीट ऐकेन.

मंगळवार, ३ मार्च

शंकासुरानं तास संपताना विचारलं, "सर कधी येणार?" मी म्हटलं, "गुरुवारी कळेल." ती म्हणाली, "आवाज नसला तरी या म्हणावं. आम्ही गप्प बसू, म्हणजे त्यांना ओरडावं लागणार नाही."

गुरुवारी मी जाणार. साहेबांना सांगून ठेवलंय, त्या दिवशी रॉकेट जमिनीत गेलं तरी मला फोन नको.

बुधवार, ४ मार्च

उद्याची वेळ तीनची की साडेतीनची, ते विचारायला दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई स्वतःच बोलल्या. "उद्या? उद्या कशाला? त्यांना तर मी गेल्याच महिन्यात मोकळं केलं! या सत्रात वर्गात नको म्हटलं होतं, पण घरात खुशाल बोला म्हटलं. इथे दहा मिनिटं गप्पा मारून गेले की. सुरेख आलाय आवाज."

फोन ठेवला. सर समोरच बसले होते, पाटी मांडीवर. सगळं ऐकू गेलं असणार. मला रडू येत होतं, की त्यांना मारावंसं वाटत होतं, कळेना. त्यांनी पाटी बाजूला ठेवली, घसा खाकरला.

"अगं, तू बोलत होतीस," सर म्हणाले. "मध्येच कसा बोलू?"